निरोपाने भांडता येत नाही

माझा धाकटा भाऊ माझ्या टेबलापासून हाकेच्या अंतरावर राहतो, आणि माझी हाक त्याला पाच दिवसांनी ऐकू जाते. ती अडवून धरणारी मीच. त्याचा मला पगार मिळतो.

खिडकीतून गाड्या लावायचं पटांगण दिसतं, आणि पटांगणापलीकडे ती इमारत. पूर्वी तिथे शीतगृह होतं. आता तिला यान म्हणायचं. खिडकी एकही नाही, भिंती हातभर जाड. आत सहा माणसं वर्षभर बंद आहेत आणि अजून तेवढाच काळ राहायची आहेत. दुसऱ्या ताऱ्याकडे माणूस पाठवायचा तर इंधन कुठून आणायचं, धुळीचा कण त्या वेगाने आदळला तर काय, पोहोचल्यावर थांबायचं कसं, यावर जगभर मोठमोठी डोकी फुटतायत. आमच्या संस्थेने त्यातली दिसायला सगळ्यात सोपी अडचण उचलली: बंद डब्यातली माणसं एकमेकांना आणि घरापासूनच्या अंतराला किती सहन करतील? डबा मिळाला, माणसंही मिळाली. अंतर मात्र विकत मिळत नाही, म्हणून ते मी तयार करते. यान जसजसं 'लांब' जाईल तसतसा निरोप जास्त दिवस दाबून ठेवायचा. खऱ्या ताऱ्यापाशी एका निरोपाला चार वर्षांहून जास्त लागतील. तेवढा दम आमच्या संस्थेत नाही, म्हणून सध्या पाच दिवसांवर भागवलंय.

माझ्या दारावर 'विलंब कक्ष' अशी पाटी आहे. सहकारी मला वरातीमागून घोडं म्हणतात. चहा सांगितला की कुणीतरी विचारतंच, आता सांगितलेला की गेल्या आठवड्यातला. पहिला महिना मी हसले. आता हसू येत नाही आणि चहाही गार झालेला असतो.

या कामाची एक रीत आहे आणि ती नातेवाइकांना आम्ही पहिल्याच दिवशी शिकवतो. प्रश्न विचारायचा नाही. 'कसा आहेस' म्हणून विचारलंत की जायला पाच आणि यायला पाच दिवस, तोवर तो कसा होता हे कळून उपयोग काय? त्यापेक्षा समोरचा काय विचारेल ते ओळखायचं आणि उत्तर आधीच देऊन टाकायचं. सवय लागली की माणसं चमत्कारिक बोलू लागतात. 'तू गुडघ्याचं विचारशील, तर बरा आहे. नळाचं विचारशील, तर तो अजून गळतोय. आणि नाही, मी तिच्याशी बोललेले नाही, बोलणारही नाही.' बाहेरच्या माणसाला वाटावं, यांना वेड लागलंय.

ही रीत मला शिकवली माझ्या बाबांनी. बाबांनी सगळी नोकरी एका मोठ्या रेडिओ दुर्बिणीवर काढली. काम एकच: आकाशातून कुणी बोलतंय का ते ऐकायचं. त्यांनी विमानं ऐकली, विजेच्या तारा ऐकल्या, दोन टेकड्यांपलीकडच्या कारखान्यातलं वेल्डिंग ऐकलं. ज्यासाठी कान लावला होता ते काही आलं नाही. लग्नकार्यात नातेवाईक हमखास विचारायचे, 'काय, लागला का फोन?' आणि बाबा न चिडता समजावत बसायचे. तारे अब्जावधी आहेत, ग्रह त्याहून जास्त, कुणीतरी असणारच. घोडं अडतं ते वेळेपाशी. विश्वाचं वय तेराशे कोटी वर्षं, आणि बोलायची अक्कल आलेली जमात टिकणार किती, काही हजार वर्षं? ते बोलत होते तेव्हा आपण पाण्यात होतो. आपण कान टवकारले तर ते संपले असतील. 'दोघं एकाच वेळी घरी सापडायला हवेत, एवढंच,' असं ते म्हणायचे आणि विचारणारा वाढप्याच्या दिशेने सटकायचा.

धाकटा हे ऐकत वाढला आणि बरोबर उलटा निघाला. त्याचं म्हणणं, ऐकत काय बसायचं, उठून जायचं. तो दहावीत गेल्यापासून आमच्याकडे रोज जेवताना हे भांडण असायचं. बाबा म्हणायचे, आत्ताच्या यानांच्या वेगाने सगळ्यात जवळच्या ताऱ्याला सत्तर हजारांवर वर्षं लागतील. पोहोचणाऱ्याला आपण निघालो कशाला होतो हेसुद्धा आठवायचं नाही. हा म्हणायचा, आणि तुमचा निरोप पोहोचेपर्यंत ऐकणारा उरायचा नाही. आई होती तोवर ती आमटीचं भांडं उचलून स्वयंपाकघरात जाऊन जेवायची. मला तर दोघांचाही वैताग यायचा. जगात एवढे विषय असताना यांना भांडायला तारेच मिळाले होते. पण मीठ कमी आहे हे ज्या दिवशी दोघांच्याही लक्षात यायचं नाही, त्या दिवशी भांडण रंगलंय असं समजायचं, आणि दोघं पोटभर जेवून उठायचे.

यानात जायच्या सकाळी दारात उभं राहून धाकटा म्हणाला, 'तीस वर्षं ऐकलंत बाबा. काय ऐकलंत?' बाबा उत्तर द्यायला तोंड उघडणार तोच गाडी आली. तेव्हापासून ते उत्तर बाबांच्या घशात अडकलेलं. मी कितीदा म्हणाले, निरोपात सांगा, मी पाठवते. ते मान हलवायचे. निरोपाने वाढदिवसाच्या शुभेच्छा देता येतात, म्हणायचे, निरोपाने भांडता येत नाही. तो बाहेर आला की बघतो त्याच्याकडे.

आणि मग घसाच बसला. आधी सर्दी, मग आवाज चिरका, मग डॉक्टर, मग मोठे डॉक्टर. स्वरयंत्रात गाठ होती आणि ती वाईट होती. सर्जन सरळ बोलणारा माणूस होता: स्वरयंत्र काढलं की जीव वाचायची शक्यता चांगली, आवाज मात्र जाणार. पुढच्या गुरुवारची तारीख मिळाली. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, जेवणखाण कसं होईल ते विचारलं, आणि गाडीत बसल्यावर मला म्हणाले,

'मला त्याच्याशी एकदा भांडायचंय. समोरासमोर नको, फोनवर चालेल. पण तो बोलला की मी बोललो पाहिजे.'

आयुष्यात त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही बहुधा पहिलीच गोष्ट. तीही मी रोज अडवून धरते नेमकी तीच.

मी संचालकबाईंकडे गेले. आम्ही त्यांना पाठीमागे नियमावली म्हणतो आणि त्यांना ते माहीत आहे. मी म्हणाले, अर्धा तास विलंब काढा. तार जोडलेलीच आहे, एक कळ दाबायची, बाबा बोलतील, तो बोलेल, पुन्हा चालू करा. त्यांनी मला बसायला सांगितलं, म्हणजे नकार. एकदा आवाज सरळ आत गेला की त्या सहा जणांना कळेल, भिंत ही भिंतच आहे. मग उरलेलं वर्ष ती माणसं प्रवासात नसतील, शीतगृहात असतील. मी आवाज चढवला. त्यांनी नाही चढवला.

'यानात स्वयंपाक बघणाऱ्या ताईंची आई गेली, तो निरोप तुम्हीच अडवून ठेवला होतात ना,' त्या म्हणाल्या. 'त्यांना मी काय सांगू?'

ठेवला होता. बरोबर नियमाप्रमाणे ठेवला होता. मी उठून आले. समोरचा चुकत असेल तर रागाला काही अर्थ असतो. बाई बरोबर होत्या, त्यामुळे तो राग नेऊन ठेवायलाही जागा नव्हती. पटांगणातून जाताना मी त्या भिंतीला एक लाथ घातली. भिंतीला काही झालं नाही आणि माझा अंगठा सुजला.

दुसरा मार्ग होता. यानाला आतून उघडणारं एक दार आहे आणि ते कुणीही, कधीही उघडू शकतं. उघडलं की चाचणी संपली, सहाही जणांची. शस्त्रक्रियेची बातमी त्याच दिवशी पाठवली असती तर ती शस्त्रक्रियेच्या आधीच आत पोहोचली असती, आणि धाकट्याने दार उघडलं असतं यात मला शंका नाही. बाबांना तीच भीती होती. त्यांनी मला शपथ घातली की बातमी शस्त्रक्रियेनंतर त्याला कळेल अशा बेताने पाठवायची. पाच जणांच्या वर्षाची माती करून आलेल्या पोराशी मी काय भांडू, म्हणाले, तो तर नुसता रडत बसेल. मी म्हणाले, मग तुम्हाला पाहिजे तरी काय? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं करून ठेवलंत. ते म्हणाले, ध्वनिमुद्रण यंत्र घरी आण.

शुक्रवारी सकाळी जेवणाच्या टेबलाशी बसून त्यांनी भांडण मुद्रित केलं. एकट्याने. धाकट्याचा प्रत्येक मुद्दा त्यांना पाठ होता, म्हणून ते आपला मुद्दा मांडायचे आणि थांबायचे, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत, त्याचं बोलून होईपर्यंत. मग त्याला उत्तर. आवाज चाळणीतून रवा पडावा तसा येत होता. 'काय ऐकलंत म्हणून विचारलंस ना? कुठल्या दिशेला कुणी नाही, ते ऐकलं. उद्या खरंच निघालास तर या दिशेला जाऊ नकोस हे तुला सांगणारा मीच आहे, गाढवा. आता बोल.' आणि पुन्हा शांतता. मी बाजूला बसून कांदा चिरत होते, त्यामुळे डोळ्यांना निमित्त होतं.

पण शेवटच्या शांततेनंतर ते वेगळंच बोलले. सूर उतरला. म्हणाले, 'खरं सांगू, राजा? तुझंच बरोबर. नुसतं ऐकत बसून काही होत नाही. निघालास ते चांगलं केलंस. तू जिंकलास.' आणि यंत्र बंद करायची खूण केली.

मी विचारलं, हे काय? ते म्हणाले, हा माझा शेवटचा आवाज. आपण हरलो हे ऐकत त्याने जन्म काढावा असं वाटत नाही. मला ते आवडलं नाही, पण निरोप त्यांचा. मी तो रांगेत टाकला. बुधवारी पोहोचणार होता.

त्याच बुधवारी, दुपारी, आतून धाकट्याचा निरोप बाहेर आला. तोही शुक्रवारचाच. मी तो तसाच घेऊन घरी गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे दवाखान्यात जायचं होतं, बाबांची पिशवी भरून दारात होती. आम्ही टेबलाशी बसून ऐकला. धाकट्याने बाबांच्या आधीच्या निरोपात घसा बसलेला ऐकला होता आणि रीतीप्रमाणे न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं.

'बाबा, सर्दी आहे म्हणाल, पण ती सर्दी नाही, मला कळतं. म्हणून एक सांगून टाकतो. तुम्ही बरोबर होतात. इथे सहा माणसांना एक कढई धड वाटून घेता येत नाही, सत्तर हजार वर्षं कुठली. कुणी कुठे पोहोचणार नाही. बोलणं आणि ऐकणं हेच खरं. मी हरलो.'

बाबांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. सर्जनने तारीख दिली तेव्हाही नाही. जो थोडा आवाज शिल्लक होता त्यात ते म्हणाले, पत्ते खेळताना पोरांना मी जिंकू द्यायचो, तसा आज हा मला जिंकू देतोय. मी म्हणाले, तुम्ही तरी दुसरं काय केलंत? तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. दोघांनी एकाच दिवशी, एकमेकांच्या दयेपोटी, आपापली बाजू सोडून दिली होती. अशी चूक करायला समोरच्याचं उत्तर आधीच ओळखणारी माणसं लागतात. साध्या माणसांना जमायची नाही.

'माझा थांबव,' बाबा म्हणाले.

मी म्हणाले, तो संध्याकाळी आत जाईल. रांगेत पडलेला निरोप म्हणजे निघालेला उजेड, त्याला परत बोलवत नाहीत, हे तुम्हीच मला शिकवलंत. ते म्हणाले, दोघंही हरलो तर भांडायचं कुणी? मी म्हणाले, त्यात तुमचा आवाज आहे, बाबा. एवढं लांब तुम्ही परत कधी बोलणार नाही. थांबवला तर त्याला काहीच मिळायचं नाही.

'आवाज गेला तरी चालेल. हार जाऊ देऊ नकोस.'

मी गाडी काढली. रस्ताभर सगळ्यांना शिव्या घातल्या: संचालकबाईंना, धाकट्याला, बाबांना, प्रकाशाला, की त्याला आणखी थोडं जोरात धावता येत नाही. कक्षात पोहोचले तेव्हा निरोप सुटायला थोडाच वेळ राहिला होता. पुसून टाकणं एका बोटाचं काम होतं, पण बोट धजेना. पूर्वी नातेवाइकांच्या निरोपातला नको तो मजकूर मी कापत आले आहे. कुणी चुकून पटांगणाचं बोललं, कुणी म्हणालं काल तुमच्या दारावरून गेलो. मात्र ते रांगेत टाकायच्या आधी. निघालेल्या निरोपाला आजवर कधी हात लावला नव्हता. आता लावला. 'आता बोल' या शब्दांपर्यंत ठेवला, त्यापुढची शांतता ठेवली, आणि 'खरं सांगू, राजा'पासून सगळं कापलं. नोंदीत कापल्याचं कारण लिहावं लागतं. मी लिहिलं, मजकूर खोटा.

दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. गाठ पूर्ण निघाली, सर्जन खूश होता. बाबा शुद्धीवर आले तेव्हा गळ्यात नळी होती, आणि त्यांनी सवयीने काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं.

सोमवारी संचालकबाईंनी मला बोलावलं. नोंद त्यांच्यासमोर होती. मजकूर खोटा हे कशावरून ठरवलं, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, वीस वर्षं त्या टेबलाशी जेवले आहे, त्यावरून. त्यांनी बाबांची विचारपूस केली, अगदी मनापासून केली, आणि मला विलंब कक्षातून काढून भांडारात पाठवलं. आता कक्षात दुसरा माणूस बसतो आणि मी बाकीच्या नातेवाइकांसारखी फोनकडे बघत बसते. निरोप त्या भिंतीआड तयार होऊन पडलेला असणार, एका बोटाचं काम, आणि तो माणूस नियमाप्रमाणे पाच दिवस हात बांधून बसलेला. मी वर्षभर लोकांना किती छळलं ते बसल्या बसल्या कळत होतं आणि त्या कळण्यानेही चिडचिडच होत होती.

गुरुवारी धाकट्याचा निरोप आला. मी तो दवाखान्यात बाबांच्या उशाशी लावला. आत त्याला बाबांचं भांडण मिळालं होतं, आणि दोन दिवसांनी, शुक्रवारी, मी शस्त्रक्रियेआधीच बेताने रांगेत टाकलेली आवाज गेल्याची बातमीही.

'बोलतो,' धाकटा म्हणाला. आवाज जड होता, पण चढा होता. 'ताईने कळवलंय, बाबा. आवाज गेला म्हणून सुटाल असं समजू नका. मी हरलो म्हणालो होतो ना, ते मी मागे घेतो. म्हणे या दिशेला कुणी नाही. तीस वर्षांत तुम्ही आकाशाचा केवढा तुकडा ऐकलात? समुद्रातून एक पेला काढून बघायचा आणि म्हणायचं, मासे नाहीत. द्या उत्तर. तुमची पाळी, मी थांबतो.'

आणि तो थांबला. खोलीत फक्त नळीतून येणारा बाबांचा श्वास. मी बंद करायला हात पुढे केला तर बाबांनी माझं मनगट धरलं. त्यांचे ओठ हलत होते. भुवया वर गेल्या, एक बोट पुढे आलं. ओठ हलत राहिले, थांबले, आणि धाकटा म्हणाला,

'हं, मला वाटलंच तुम्ही पेल्यावरून पकडणार. पण मग समुद्रात उतरावं लागेल ना? ते कोण करणार? मीच.'

बाबांनी पलंगाच्या कडेवर हात आपटला आणि लगेच उत्तर सुरू केलं. धाकटा बोलायचा, बाबा बोलायचे. एकदा दोघं एकदम सुरू झाले, तेव्हा बाबांनी रागाने हात वर केला आणि धाकटा, पाच दिवसांपूर्वीचा, पटांगणापलीकडचा, नेमका तिथे म्हणाला, 'बरं बरं, आधी तुम्ही.' नर्स डोकावली आणि म्हणाली, पेशंटने बोलायचा प्रयत्न करू नये. मी तिला म्हणाले, ते बोलत नाहीयेत, भांडतायत. बाबांच्या गालावर रंग आला होता. दुपारची पेज तशीच गार होत होती आणि त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

माझा मात्र संताप होत होता. बाबा काय म्हणतायत ते त्या जाड भिंतीमागून त्याला कळत होतं आणि हातभर अंतरावर बसलेल्या मला कळत नव्हतं. धाकटा पुन्हा 'तुमची पाळी' म्हणाला, तेव्हा मी पेज बाजूला ठेवली, खुर्ची ओढली आणि बाबांचे ओठ दिसतील अशी समोर बसले.